टाटा इस्टेट : पुण्यात घडलेली कुटुंबाची गाडी

टाटा इस्टेट ही स्टेशन वॅगन टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, 1992 मध्ये बाजारात आणली. तिचा पाया 1988 च्या टाटामोबाइल या पिकअपचा होता. 1991 ची सिएराही त्याच सांगाड्यावर उभी होती. मालवाहू गाड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचे प्रवासी मोटारींकडे वळण्याचे हे पहिले टप्पे होते.

इंजिन : 1,948 सीसी, डिझेल
गिअर : पाच
चालना : मागच्या चाकांना
निर्मिती : पुणे

पाच जणांची ऐसपैस बैठक आणि मागे सामानाला भरपूर जागा ही तिची जमेची बाजू. पॉवर विंडोसारख्या सोयी त्या काळी देशी गाड्यांत दुर्मीळ होत्या. मात्र आकार आणि वजनाच्या मानाने इंजिनाची ताकद बेताची होती. 1994 मध्ये आलेल्या कंपनीच्याच सुमोत इस्टेटपेक्षा अधिक माणसे बसत. इस्टेटचे उत्पादन 2000 मध्ये थांबले.

या गाड्यांतून मिळालेला अनुभव 1998 च्या इंडिकाच्या कामी आला. पुढे 2004 मध्ये कंपनीने इंडिगो मरिना ही आणखी एक स्टेशन वॅगन आणली. तीही आता बंद झाली आहे.