संगणकाचे डॉक्टर

मुलांनो, परवा वर्गात एका पठ्ठ्यानं विचारलं, "बाई, संगणकाचे डॉक्टर सुई कुठं टोचतात हो?" सगळी पोरं खो खो हसली. मीही त्याला दटावलं. चुकलंच माझं!

संगणकशास्त्रातले हे डॉक्टर म्हणजे पीएच.डी. झालेले. मुंबईत पवईच्या आयआयटीत ही पदवी कशी मिळते, पाहा. बी.टेक. किंवा एम.टेक. चांगल्या गुणांनी व्हायचं, मग चाचणी आणि मुलाखत. प्रवेश मिळाला की आधी काही विषयांचा अभ्यास, त्यानंतर पात्रता परीक्षा. इथवर आपल्या शाळेसारखंच! पुढं मात्र मार्गदर्शकाच्या मदतीनं असा प्रश्न शोधायचा, ज्याचं उत्तर कुठल्याच गाइडमध्ये नाही. दरवर्षी समितीपुढं प्रगती सांगायची. शेवटी प्रबंध लिहायचा. तो बाहेरचे तज्ज्ञ तपासतात आणि मग तोंडी परीक्षा. चार-पाच वर्षं सहज जातात.

प्रश्न साधासुद्धा असतो. 13 ही मूळ संख्या आहे, हे तुम्ही पटकन सांगाल. पण शेकडो अंकांची संख्या असली तर? 2002 साली कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी ते खात्रीनं ओळखण्याची नवी, जलद रीत शोधली. नीरज आणि नितीन यांनी पीएच.डी. त्यानंतर केली!

तेव्हा अडलेले प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि पालकहो, उत्तर येत नसेल तर मुलांना दटावू नका. "मलाही ठाऊक नाही, शोधू या," म्हणा. मीही आता तसंच म्हणते.