टॅब्लेट व डेस्कटॉप : दोन कार्यप्रणालींच्या संगमाचा प्रश्न

टॅब्लेट व डेस्कटॉप या दोन यंत्रांच्या कार्यप्रणाली पुढेमागे एकरूप होतील, असे भाकीत गेल्या पंधरा वर्षांत अनेकदा करण्यात आले आहे. त्याची सत्यासत्यता पाहण्यापूर्वी ‘एकरूप होणे’ म्हणजे नेमके काय, हे निश्चित करणे अवश्य आहे. कारण कार्यप्रणाली ही एकजिनसी वस्तू नव्हे. तिच्या तळाशी स्मृती, प्रक्रिया व उपकरणे यांचे नियमन करणारा गाभा असतो. त्यावर वापरणाऱ्याच्या हाताशी व डोळ्यांशी संबंध येणारे दर्शनी अंग असते. आणि कोणता प्रोग्राम यंत्रावर चालू द्यावा हे ठरविणारी एक शासनव्यवस्थाही असते. या तिन्हींचा संगम एकाच गतीने होत नाही.

गाभ्यापुरता तो बव्हंशी होऊन गेला आहे. आयपॅड व मॅक यांचा गाभा मुळात एकच. अँड्रॉइड व क्रोमओएस या दोहोंच्या तळाशी लिनक्स. २०२० च्या अखेरीस मॅकमध्ये आलेली एम१ ही चिप पुढच्याच वर्षी आयपॅड प्रोमध्ये बसविण्यात आली, तेव्हा यंत्रसामग्रीचा भेदही फारसा उरला नाही.

दर्शनी अंगाची गोष्ट वेगळी. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दाखवून दिले की, लक्ष्यापर्यंत पोचण्यास लागणारा वेळ हा लक्ष्याचे अंतर व त्याची रुंदी यांच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमप्रमाणे वाढतो. माऊसचे टोक अगदी लहान लक्ष्यावरही नेमके ठेवता येते. बोटासाठी मात्र लक्ष्याची बाजू सुमारे ९ मिलिमीटर असावी, अशी अँड्रॉइडच्या मार्गदर्शिकेची शिफारस आहे. म्हणून एकच मेनू दोघांसाठी आखला, तर तो बोटाला अरुंद होतो किंवा माऊसला अघळपघळ वाटतो. बिल बक्स्टन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या अवस्था-प्रतिमानातून याहूनही मूलगामी भेद स्पष्ट होतो. माऊसने न दाबता नुसता निर्देश करता येतो, आणि दाबून ओढताही येते. स्पर्शपटलावर बोट एकतर टेकलेले असते किंवा नसते. निर्देशाची मधली अवस्थाच तेथे नाही. टोक नुसते वर नेताच उघडणारी सूचना वा उपमेनू बोटाला दुर्लभ होतो, तो यामुळेच.

या भेदाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मायक्रोसॉफ्टने मोजली. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ मध्ये परिचित स्टार्ट मेनू काढून त्याजागी स्पर्शासाठी आखलेले पूर्णपटल बसविण्यात आले, आणि ज्यांच्या पडद्याला स्पर्श कळतच नव्हता त्यांच्याही माथी ते आले. २०१३ मध्ये स्टार्टचे बटण परतले, २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही परतला. उबुंटूचा प्रयत्न तत्त्वतः अधिक शहाणपणाचा होता. पडद्याच्या आकाराप्रमाणे रूप पालटणारे एकच दर्शनी अंग त्यांना हवे होते. परंतु कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये तो मार्ग सोडला.

ॲपलने उलट दिशेने, आणि फार सावकाश, वाटचाल केली. २०२० मध्ये आयपॅडला माऊसचा पाठिंबा मिळाला, तेव्हा तेथे बाणाऐवजी बोटाच्या टोकासारखे एक वर्तुळ आले; ते बटणाजवळ जाताच बटणाचाच आकार धारण करीत असे. बोटासाठी मोठी केलेली लक्ष्ये माऊसलाही सोयीची करून घेण्याची ही युक्ती खरोखर अभ्यसनीय आहे. २०२५ च्या आयपॅडओएस २६ मध्ये मोकळ्या आकाराच्या खिडक्या व मेनूपट्टीही आली. डोळ्यांना दिसणारा भेद अशा रीतीने आटत चालला आहे.

राहता राहिली शासनव्यवस्था. आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला सर्वांत जवळचा प्रश्न हाच होय. तीच चिप असलेल्या मॅकवर तो हवा तो कंपायलर बसवू शकतो, आपला प्रोग्राम चालवून त्याच्या अंतरंगात डोकावू शकतो. आयपॅडवर सामान्यतः ॲप स्टोअरमधून आलेलेच चालते. युरोपीय संघात २०२४ पासून पर्यायी दुकानांना वाट मिळाली, तीही कायद्याच्या बळावर. शिकण्यापुरता प्रोग्राम लिहिण्याची सोय तेथे आहे, पण ती एखाद्या ॲपच्या कुंपणाच्या आत. उलट डेस्कटॉपची दारेही हळूहळू अरुंद होत आहेत. अनोळखी प्रोग्रामला अडविणारा गेटकीपर मॅकवर २०१२ मध्ये आला, आणि २०२४ च्या आवृत्तीत त्याला बगल देण्याची सोपी वाट बंद करण्यात आली. एकरूपता जर टॅब्लेटच्या नियमांनी होणार असेल, तर ती खिडक्यांच्या एकरूपतेहून अगदी निराळी घटना ठरेल.

ती तशीच होईल, असे मात्र नव्हे. क्रोमओएसमध्ये २०१८ पासून संपूर्ण लिनक्स एका बंदिस्त कप्प्यात चालविता येते; मार्च २०२५ मध्ये पिक्सेल फोनवरील अँड्रॉइडमध्येही तसेच लिनक्स टर्मिनल आले. त्याच वर्षी गूगलने क्रोमओएस व अँड्रॉइड एकाच पायावर आणण्याचा मनोदय जाहीर केला. कप्पा बंदिस्त असल्याने बाकीच्या यंत्राला धोका पोचत नाही, आणि आत विद्यार्थ्याला मुभा राहते; फक्त त्या कप्प्याला पडदा, फायली व जोडलेली उपकरणे किती मोकळेपणाने मिळतील, हे ठरविण्याचा अधिकार अजून निर्मात्याच्याच हाती आहे.