भाडेकरूंसह घर घेताना

मैत्रिणींनो, जालन्यात चार खोल्यांचं घर विकत घेतलं, म्हणजे भाडेकरू लगेच निघतील असं आपण धरून चालतो. तसं नसतं. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घराबरोबर जुना भाडेकरारही आपल्याकडे येतो.

म्हणून खरेदीखताआधी प्रत्येक खोलीचं भाडं, अनामत, थकबाकी भाडेकरूलाच विचारून लिहून घेऊ. अनामत किमतीतून वळती करू. नाहीतर ती मागायला भाडेकरू उद्या आपल्याच दारात येईल. खरेदी झाली की लेखी कळवू. त्याआधी जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेलं भाडं पुन्हा मागता येत नाही. नवा करार लेखी, नोंदणीकृत करू, पावती देऊ.

भांडण झालं तरी पाणी, वीज तोडायची नाही. त्या खोलीतही आपल्यासारखीच कुणीतरी संसार मांडून बसलेली असते.