संगणकाला भैरव कसा सांगावा?

भैरव रागातील एखादी रचना पाश्चात्त्य स्वरलिपीत, म्हणजेच स्टाफ नोटेशनमध्ये, संगणकावर उतरवू पाहणाऱ्या संगीतकाराची अडचण पहिला स्वर लिहिण्यापूर्वीच सुरू होते. स्वरलेखनाचे सॉफ्टवेअर प्रारंभीच ‘की सिग्नेचर कोणती?’ असे विचारते आणि ठरलेले १५ पर्याय पुढे ठेवते. एक ते सात शार्प, एक ते सात फ्लॅट, किंवा काहीच नाही. भैरवाचे स्वर मात्र या पंधरांपैकी एकाही चौकटीत बसत नाहीत. त्यासाठी वेगळी, नेहमीच्या प्रघाताबाहेरची की सिग्नेचर तयार करावी लागते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे. परंतु ती नीट समजून न घेतल्यास कागदावर एक दिसते आणि संगणक दुसरेच वाजवतो.

ठरलेली रांग

की सिग्नेचर म्हणजे पाच रेघांच्या आरंभी लिहिलेला शार्प किंवा फ्लॅट चिन्हांचा समूह. कोणते स्वर संपूर्ण रचनेत चढे अथवा उतरे वाजवायचे, हे वादकाला त्यावरून आधीच कळते आणि प्रत्येक स्वराशेजारी पुन्हा खूण करावी लागत नाही. ही चिन्हे हवी तशी निवडता येत नाहीत. फ्लॅट नेहमी बी, ई, ए, डी, जी, सी, एफ याच क्रमाने येतात; शार्पचा क्रम याच्या नेमका उलट. षड्ज-पंचम भावाने एकेक पायरी पुढे सरकत गेल्यास हा क्रम आपोआप सिद्ध होतो आणि युरोपीय संगीतातील मेजर व मायनर स्वरसप्तकांना तो पुरेसा ठरतो.

आता पांढरी एकचा, म्हणजे ‘सी’चा षड्ज धरून भैरव मांडून पाहावा. त्यातील ऋषभ आणि धैवत कोमल, बाकी स्वर शुद्ध. म्हणजे डी आणि ए हे दोनच फ्लॅट हवेत. परंतु ठरलेल्या रांगेत डीपर्यंत पोहोचायचे तर त्याआधी बी, ई आणि ए येतात. चार फ्लॅटची सिग्नेचर घेतली तर गंधार आणि निषादही कोमल होतात. मग प्रत्येक बारमध्ये ते स्वर येतील तेव्हा नॅचरलची खूण करून त्यांना पुन्हा शुद्ध करावे लागते. सिग्नेचर रिकामी ठेवली तर हीच कसरत ऋषभ-धैवतासाठी करावी लागते.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी मांडलेल्या दहा थाटांकडे या दृष्टीने पाहिले की चित्र स्पष्ट होते. ‘सी’च्या षड्जावर कल्याणला एक शार्प लागतो, बिलावलला काहीच नाही, खमाजला एक फ्लॅट, काफीला दोन, आसावरीला तीन आणि भैरवीला चार. हे सहा थाट रांगेत नेमके बसतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार बसत नाहीत. तोडीत तर डी, ई, ए हे तीन फ्लॅट आणि एफ हा शार्प एकत्र येतात. कर्नाटक संगीतातील ७२ मेळकर्त्यांपैकीही केवळ सहाच या रांगेत बसतात.

कागदावर अडसर नव्हता

हा प्रश्न केवळ भारतीय संगीताचा नाही. हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक याने १९०८ मधील ‘चौदा बॅगाटेल्स’पैकी पहिल्याच रचनेत पियानोवादकाच्या उजव्या हाताला चार शार्प आणि डाव्या हाताला चार फ्लॅट लिहून दिले. १५३ रचनांच्या ‘मिक्रोकोसमॉस’मध्येही त्याने काही ठिकाणी प्रघाताबाहेरच्या सिग्नेचर वापरल्या. तुर्कस्तानच्या मकाम पद्धतीत सप्तकाचे ५३ सूक्ष्म भाग मानले जातात. तेथील ‘हिजाझ’ मकामाच्या आरंभी फ्लॅट आणि शार्प शेजारी-शेजारी उभे असतात. लेखणीने लिहिणाऱ्यास यात काहीच अडचण नव्हती. संगणकाला मात्र प्रत्येक गोष्ट नियमाच्या रूपात सांगावी लागते.

चित्र आणि अर्थ

संगणकावर अशी सिग्नेचर तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला चित्राचा. सिग्नेचर रिकामी ठेवायची आणि चिन्हांच्या संग्रहातून दोन फ्लॅट उचलून योग्य जागी नुसते चिकटवायचे. ‘सिबेलियस’चे वापरकर्ते दीर्घकाळ हाच मार्ग चोखाळत आले. छापील पान यामुळे निर्दोष दिसते. परंतु संगणकाच्या लेखी ती केवळ नक्षी असते. रचना वाजवून पाहिली की कोमल ऋषभाच्या जागी शुद्ध ऋषभ ऐकू येतो.

दुसरा मार्ग अर्थाचा. येथे कोणत्या स्वरावर किती बदल करायचा, हेच सॉफ्टवेअरला सांगितले जाते. ‘लिलीपॉन्ड’ या मोफत प्रणालीत सी ते बी या स्वरांना ० ते ६ असे क्रमांक आहेत. १ आणि ५ या क्रमांकांपुढे फ्लॅट लिहिले की भैरव तयार होतो. ‘म्युझस्कोर’ हेही मोफत सॉफ्टवेअर असून त्याच्या मास्टर पॅलेटमध्ये कोऱ्या पाच रेघांवर हवी ती चिन्हे ओढून नवी सिग्नेचर साठवता येते. ‘डोरिको प्रो’मध्ये त्याहून पुढे जाऊन सप्तकाचे किती समान भाग करायचे हेदेखील ठरवता येते. त्यामुळे तुर्की मकामासारख्या सूक्ष्म स्वरांच्या पद्धतीसाठीही चिन्हे आणि सिग्नेचर तयार करता येतात.

तीन चाचण्या

तयार केलेली सिग्नेचर खरोखर कामाची आहे की नाही, हे तीन चाचण्यांनी कळते. पहिली, रचना संगणकावर वाजवून ऐकणे. दुसरी, ती पांढरी एकवरून पांढरी दोनवर नेणे. ‘डी’च्या षड्जावर भैरवाला ई व बी फ्लॅट आणि एफ व सी शार्प अशी मिश्र सिग्नेचर लागते. चिकटवलेली चिन्हे जागची हलत नाहीत. त्यामुळे चूक तात्काळ उघड होते. तिसरी, फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहणे. अशा देवाणघेवाणीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘म्युझिकएक्सएमएल’ या स्वरूपात प्रघाताबाहेरच्या सिग्नेचरची तरतूद आहे. तथापि फाइल स्वीकारणारे सॉफ्टवेअर तिचा कितपत आदर राखते, हे पडताळूनच घ्यावे लागते.

ही तिसरी चाचणी आज विशेष महत्त्वाची ठरली आहे. अशा सिग्नेचरसाठी स्वतंत्र आणि विस्तृत सोय असलेल्या ‘फिनाले’चा विकास आणि विक्री थांबवण्याचा निर्णय त्याच्या निर्मात्या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केला. १९८८ पासून वापरात असलेल्या या सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या रचना आता अन्यत्र न्याव्या लागत आहेत. त्यात वेगळ्या सिग्नेचर असतील तर प्रत्येक फाइल ‘म्युझिकएक्सएमएल’बरोबरच पीडीएफ स्वरूपातही जपून ठेवणे हिताचे. स्थलांतरात काही हरवले, तर मूळ पान कसे होते हे त्यावरून कळेल.

वादकाची सोय

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर वादकाच्या स्टँडवर आहे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदाची परंपरा घडवण्यात स्टाफ नोटेशन जाणणाऱ्या गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता. समोर आलेला कागद पाहताक्षणी वाजवणे हे त्यांचे कौशल्य. अशा वाचनात प्रत्येक अनावश्यक खूण डोळ्याला अडथळा करते.

अर्थात दुसरी बाजूही विचारात घ्यावी लागते. वर्षानुवर्षे ठरलेली रांग पाहणाऱ्या वादकाला डी आणि ए हे दोनच फ्लॅट दिसले, तर सवयीने तो ते बी आणि ई समजण्याचा धोका असतो. म्हणून पानाच्या वर ‘ऋषभ, धैवत कोमल’ अशी एक ओळ लिहिणे आणि सरावाच्या वेळी ती वाचून दाखवणे श्रेयस्कर. एकाच वेळी वाजवून संपणाऱ्या रचनेत, वादक अगदी नवखे असतील तर, रिकामी सिग्नेचर आणि स्वरागणिक खुणा हाच सोपा मार्ग ठरू शकतो.

शिवाय सिग्नेचर म्हणजे राग नव्हे. भैरवातील ऋषभाचे आंदोलन, धैवताचे वजन, रागाचे चलन यांपैकी काहीच त्या दोन फ्लॅटमध्ये येत नाही. कोणते स्वर घ्यायचे एवढेच ते सांगतात. तो कसा लावायचा हे शिकवण्याचे काम गुरूचेच राहते. मात्र जेवढे ते सांगतात, तेवढे अचूक असले पाहिजे. पुढे कधी कोणी ती फाइल उघडली, तर त्याला आणि त्याच्या संगणकालाही ऋषभ कोमलच ऐकू यावा, एवढी खात्री लिहिणाऱ्याने आजच करून ठेवावी.