दोन लिटरचा न्याय मोहाला का नाही?

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून विमाने उडू लागली आणि ठाण्याच्या ग्रामीण भागातही विमानप्रवास हा ओसरीवरच्या गप्पांचा विषय झाला. त्याआधी जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला होता, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. आखातात किंवा सिंगापुरात नोकरीला असलेला मुलगा, जावई, भाचा सुटीवर येतो तेव्हा बॅगेत चॉकलेटे असतात, अत्तर असते आणि बहुतेक वेळा एक बाटलीही असते. तिच्याबद्दल घरात उघड कोणी बोलत नाही, पण ‘आणली का?’ हा प्रश्न मात्र हळूच विचारला जातोच. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात स्कॉचवरचा दीडशे टक्के आयातकर आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचे ठरले, तेव्हापासून तर या बाटलीची चर्चा वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आली आहे. मात्र त्या चर्चेत शहापूर-मुरबाडच्या रानातल्या मोहाचा उल्लेख कुठेही नव्हता. बॅगेतल्या बाटलीचे नियम नीट वाचले तर हा उल्लेख व्हायला हवा होता, असे माझे म्हणणे आहे.

नियम मोठे शहाणपणाचे आहेत. परदेशातून भारतात येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येते. त्याहून जास्त असेल तर रेड चॅनलला जाऊन सांगायचे आणि जवळपास बाटलीच्या किमतीच्या दीडपट कर भरायचा. मद्याला बॅगेजच्या सवलतीचा दर लागत नाही. विमान कंपनीचे गणित वेगळे, तिला कराशी देणेघेणे नाही, तिला आगीची भीती. म्हणून 70 टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे मद्य विमानात न्यायचेच नाही; 24 ते 70 टक्क्यांच्या मधले असेल तर माणशी पाच लिटर, तेही दुकानातून आले तसे मूळ बंद बाटलीत; 24 टक्क्यांच्या आतल्या वाइन-बियरला ही पाच लिटरची अट नाही. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही, अपवाद फक्त ड्युटी फ्री दुकानाने सीलबंद पारदर्शक पिशवीत दिलेल्या बाटलीचा. ती पिशवी वाटेत फोडली की सवलत संपली. मुंबईत उतरून पुढे नागपूर किंवा इंदूरचे विमान पकडायचे असेल, तर कस्टममधून बाहेर आल्यावर ती बाटली मोठ्या बॅगेत घालणेच बरे. बाकी बांधाबांध सोपी: झाकण घट्ट, त्यावर चिकटपट्टी, बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, भोवती जीन्स किंवा चादर आणि जागा बॅगेच्या मधोमध, कडेला नाही. ज्या देशात जायचे त्याची मर्यादाही वेगळी असते. ब्रिटन चार लिटर कडक मद्य येऊ देते, अमेरिका करमुक्त एक लिटरवर थांबते.

या सगळ्या अटींमागे एक सरळ विचार आहे. सरकार प्रवाशाला विचारते ते एवढेच: किती आहे, किती तीव्र आहे, बाटलीवर लिहिले आहे का, सील आहे का आणि स्वतःपुरते आहे की विकायला? चारित्र्य विचारत नाही, जात विचारत नाही, घरी कोण पितो हे विचारत नाही. प्रमाणाची मर्यादा घालते आणि मर्यादेच्या आत माणसावर विश्वास ठेवते. महाराष्ट्रात उतरल्यावर तर गंमत अशी, की 1949 चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना असणे बंधनकारक आहे. वर्षाचा परवाना शंभर रुपयांचा, आयुष्यभराचा हजार रुपयांचा, विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा पाच रुपयांचा. ही सक्ती किती जण पाळतात हे ग्राहक आणि दुकानदार दोघेही जाणतात. म्हणजे काचेच्या बाटलीपुरता कायदा समजूतदारच नाही, चक्क डोळेझाक करणारा आहे.

आता मोहाकडे या. मार्च-एप्रिलच्या पहाटे शहापूर-मुरबाडच्या रानात झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ठाकर, कातकरी, महादेव कोळी घरांतल्या बायका-मुले तो वेचतात आणि फुले मनुक्यासारखी वाळवून ठेवतात. साखरेने गच्च भरलेले हे फूल उपासमारीच्या दिवसांत अन्न होते, जनावरांना खाद्य होते, देवाच्या आणि लग्नाच्या कामी दारूही होते. 1878 चा अबकारी कायदा आला आणि सरकारने गावोगावच्या भट्ट्या बंद करून ठराविक ठिकाणी दारू गाळण्याची पद्धत बसवली. या भागासाठी ते ठिकाण उरण होते. तिथल्या पारशी मालकांच्या भट्ट्यांत जी दारू निघायची ती मोहाचीच आणि फुले यायची पंचमहालातून. म्हणजे परगावचे मोहफूल सरकारमान्य आणि दाराशी पडलेले मात्र संशयित. तरी घरोघर गाळणे थांबेना, तेव्हा 1892 मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा कायदा झाला. त्याने दारूवर नव्हे, फूल जवळ बाळगण्यावरच बंधन आणले. किती तीव्र, किती लिटर, विकायला की घरच्यासाठी, यातला एकही प्रश्न त्याने विचारला नाही. नवा विमानतळ उलव्याला, उरणच्या शेजारीच उभा आहे. ज्या किनाऱ्यावर एकेकाळी मोहाची सरकारी दारू गाळली जायची, तिथेच उद्या ड्युटी फ्रीची स्कॉच उतरेल.

इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी शेजारच्या दक्षिण गुजरातबद्दल दाखवून दिले आहे, की अबकारी कायद्याने एका रिवाजाचे गुन्ह्यात रूपांतर केले. ठाण्याच्या डोंगरपट्ट्यालाही ते तंतोतंत लागू पडते. त्यांचे दुसरे काम मला इथे अधिक महत्त्वाचे वाटते. 1922 च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांत सुरू झालेली देवीची लाट डोंगर ओलांडून गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरली. ‘देवी’ अंगात आलेली माणसे सांगू लागली, की दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. हजारो आदिवासींनी दारू सोडली आणि दारूचे दुकानदार व जमिनीचे मालक असलेल्या पारशांकडे कामाला जाणेही बंद केले. हार्डिमन यांचा निष्कर्ष असा, की हे केवळ व्यसनमुक्तीचे भजन नव्हते, दुकानदाराच्या सत्तेविरुद्धचे बंड होते. घरची मोहाची बंद करून लोकांना परवानाधारकाच्या गुत्त्यावर ढकलल्यावर कर्ज, वेठबिगार आणि दारू ही तिन्ही एकाच माणसाच्या हातात गेली होती. आदिवासी पितात म्हणून गरीब राहतात, असे सहज म्हणणाऱ्यांनी हा क्रम उलटा लावून पाहावा.

स्वातंत्र्यानंतर हे बदलायला हवे होते. 1951 मध्ये बालसरा खटल्यात मुंबईच्या दारूबंदी कायद्याची सर्वोच्च न्यायालयात कसोटी लागली. न्यायालयाने काही कलमे रद्द केली, पण लष्करी मेसला आणि परदेशी पाहुण्यांना दिलेली सूट कायम ठेवली. म्हणजे कडक दारूबंदीच्या काळातही कोणाला मोकळीक द्यायची हे राज्याला कळत होते. त्या यादीत रानातला माणूस नव्हता, एवढेच. 1950 च्या नियमांनी मोहफुलांचा साठा आणि वाहतूक परवान्यात अडकवून ठेवली, ती बंधने निघाली 2021 मध्ये. सत्तर वर्षे. त्यानंतर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुलांपासूनचे मद्य ‘देशी’ गटातून काढून ‘विदेशी’ गटात टाकले. पण 2025 च्या जूनमध्ये नवी ‘महाराष्ट्र मेड लिकर’ श्रेणी आली, 180 मिलिलिटरला किमान 148 रुपये, तेव्हा ती फक्त धान्यापासूनच्या मद्यासाठी ठेवली गेली. फूल सुटले, पण ते गाळणारा हात सुटला नाही. आजही खर्डी-डोळखांब किंवा टोकावडे-धसईकडच्या ओढ्याकाठी उत्पादन शुल्क खात्याची धाड पडते, रसायन ओतून दिले जाते, पिंप फोडले जातात आणि बातमीत ‘हातभट्टी उद्ध्वस्त’ असे शीर्षक येते. त्या पिंपात मोह होता की काळा गूळ आणि नवसागर, हे बातमीत सहसा नसते. फरक मात्र तिथेच आहे.

इथे पहिला आणि सर्वात गंभीर आक्षेप येतो. जून 2015 मध्ये मालवणीत शंभरहून अधिक माणसे विषारी दारूने मेली. तुम्ही पुन्हा घरगुती भट्टीचे गोडवे गाता? आक्षेप रास्त आहे, उत्तरही तितकेच सरळ आहे. मालवणीचा घातक घटक होता मिथेनॉल, कारखान्यात वापरले जाणारे रसायन, जे चोरट्या विक्रेत्यांनी नफ्यासाठी दारूत घातले. तिथे ना फूल होते, ना घरची भट्टी. मिथेनॉल पकडता येते ते बाटलीवर नाव, तीव्रता, सील आणि बाटली कोणाकडून आली याची साखळी असली की. म्हणजे विमानतळावरच्या बाटलीला लागतात त्याच अटी. जोवर मोहाची दारू फक्त चोरून गाळता येते, तोवर तिच्यावर लेबल लागणार नाही आणि चोरून विकल्या जाणाऱ्या द्रवात काय मिसळले आहे हे कोणालाही कळणार नाही. गावांना असे हिशेब जमणार नाहीत असे म्हणणाऱ्यांना आठवण द्यायला हवी, की मुरबाडचे धसई डिसेंबर 2016 मध्ये राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले होते. तो प्रयोग पुढे किती टिकला हा वेगळा विषय, पण कागद आणि यंत्र गावाला परके नाही.

दुसरा आक्षेप बायकांचा आहे आणि तो मी सगळ्यात वजनदार मानतो. पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याचा मार कायद्याच्या पुस्तकात बसत नाही. म्हणूनच उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान महाराष्ट्रातल्या बायकांनी इतक्या जिद्दीने लढवले. पण हे मतदान परवाना असलेल्या दुकानाविरुद्ध होते. चोरट्या भट्टीविरुद्ध मतपेटीच नसते. अनुसूचित क्षेत्रात तर याहून धारदार हत्यार आधीच हातात आहे. 1996 च्या पेसा कायद्याने मादक द्रव्यांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडची बरीच गावे या क्षेत्रात मोडतात. बंदी आणि नियमन, दोन्ही शब्द कायद्यात आहेत, पण सरकारी कार्यालयांना त्यातला पहिलाच आठवतो. एखाद्या पाड्याच्या ग्रामसभेने, बायकांच्या बहुमताने, कोणत्या सणाला किती, कोणी गाळायचे, कोणाला द्यायचे आणि कोणाला अजिबात नाही हे ठरवले, तर ते एक्साइजच्या धाडीपेक्षा जास्त पाळले जाईल, असे मानायला देवीच्या लाटेइतका दुसरा चांगला पुरावा नाही. आणि एखाद्या पाड्याने ठरवले की अजिबात नको, तर तोही निर्णय त्याच अधिकारातून येईल.

कोणी म्हणेल, ड्युटी फ्रीचे दोन लिटर म्हणजे फक्त कस्टमची सवलत, तिचा गाळण्याच्या हक्काशी काय संबंध? कायद्याच्या दृष्टीने नाही, हे मान्य. पण एखादी गोष्ट स्वतःपुरती, ठराविक प्रमाणात, ओळखीच्या खुणांसह असेल तर तिला वाट द्यायची, हे तत्त्व राज्य एका माणसासाठी पाळते आणि दुसऱ्यासाठी नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. शेजारच्या मध्य प्रदेशाने अलीराजपूर आणि दिंडोरीच्या आदिवासी बचत गटांना मोहाची ‘हेरिटेज’ दारू बनवायचा परवाना दिला. ‘मोंड’ आणि ‘मोहुलो’ या नावांनी ती बाटलीत आली. गोव्याच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या एका डिस्टिलरीनेही मोहाचे महागडे मद्य बाजारात आणले आहे. चांगली गोष्ट आहे, पण त्यात फूल वेचणारीचा वाटा वाळवलेल्या फुलांच्या किलोच्या भावापुरताच, बाटलीची किंमत तिच्या गावात येत नाही. लहान भट्टी, गटाच्या नावावर परवाना, तालुक्याच्या ठिकाणी तीव्रता आणि मिथेनॉल तपासण्याची सोय, बाटलीवर गावाचे नाव, एवढे जमले तर दुबईला परत निघालेला भाचा शहापूरची बाटलीही मूळ सीलसह मोठ्या बॅगेत टाकू शकेल. आज तीच दारू पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून नेली तर चेक-इनच्या काउंटरवरच अडेल, कारण मूळ पॅकिंग नाही आणि तीव्रता कुठे लिहिलेली नाही. विमान कंपनीचा तो आक्षेप बरोबरच आहे. तो दूर करायचा असेल तर परवान्याचा कागद आधी राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याने काढायला हवा.