विश्लेषण : विकत घेतलेले ई-पुस्तक मित्राला का देता येत नाही?

समजा, परतूरमधील एका अभ्यासिकेत दोन मित्र स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहेत. एकाने छापील पुस्तक घेतले. वाचून झाल्यावर ते तो मित्राला देतो, परीक्षा झाली की अर्ध्या किमतीत विकतो. दुसऱ्याने तेच पुस्तक मोबाइलवर घेतले. ते त्याला कुणाला देता येत नाही, विकताही येत नाही. पैसे दोघांनीही मोजले, मग हा फरक का?

खरेदी की परवाना?

बहुतेक ई-पुस्तक विक्रेते पुस्तक विकत नाहीत, ते वाचण्याचा परवाना देतात. अटी मोडू नयेत म्हणून फाइलला डिजिटल कुलूप असते. त्यालाच ‘डीआरएम’ म्हणतात. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली. विक्रेत्याकडे हक्कच नव्हते, असे कारण होते. पैसे परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण पुस्तकावर ताबा कुणाचा, हे त्या दिवशी दिसले.

प्रकाशकांची बाजू काय?

छापील प्रत एका वेळी एकाच्याच हाती असते. पीडीएफ मात्र एका ग्रुपवरून काही मिनिटांत हजारो मोबाइलवर जाते. हजारभर प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या मराठी लेखक-प्रकाशकाला हा फटका मोठा असतो. वृत्तपत्रांनाही तो बसतो. ‘दैनिक जागरण’च्या ई-पेपरच्या पीडीएफ टेलिग्रामवर फिरत असल्याच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ते चॅनेल ४८ तासांत बंद करण्याचा आदेश दिला होता.

कायदा वाचकाला काय देतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार खासगी वापर, संशोधन व समीक्षेसाठी मजकुराचा रास्त वापर करता येतो. अख्खे पुस्तक ग्रुपवर टाकणे त्यात बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने अंध व अन्य दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रत करण्याची मुभा मिळाली. याच दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी ते उघडल्यास मात्र हे कलम लागू होत नाही.

मग अडते कुठे?

कुलपाला हेतू कळत नाही. चोरी करणारा आणि पुस्तक मोबाइलकडून मोठ्याने वाचून घेऊ पाहणारा अंध विद्यार्थी, दोघांनाही ते सारखेच अडवते. कायद्याने दिलेली मुभा अशी कागदावरच राहते. शिवाय कॉपीराइटला मुदत असते, लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांची. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुले आहे. कुलपाला अशी मुदत नसते.

वाचकाने काय करावे?

‘खरेदी करा’ दाबण्याआधी तीन गोष्टी पाहा : पुस्तक किती मोबाइलवर उघडते, मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे का आणि अॅप बंद पडले तर काय. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, पण विनामूल्य म्हणजे हक्कमुक्त नव्हे. मित्राला पीडीएफऐवजी लिंक पाठवा. विक्रेत्यांनीही परवाना देताना ‘परवाना’ असेच लिहावे आणि त्याची किंमत छापील पुस्तकापेक्षा कमी ठेवावी. लेखकाचा मोबदला बुडू नये, तसाच वाचकाचा हक्कही बुडू नये.