न केलेली निवड

जबलपूरच्या एखाद्या कचेरीतील संगणकावर जिल्हा आणि तहसील, म्हणजे आपला तालुका, अशा दोन याद्या आहेत असे समजावे. जिल्हा बदलताच तहसिलीची जागा रिकामी करावयाची, असे काम आधीच नेमून ठेवलेले असते. यासच कॉलबॅक म्हणतात. कारकून जुनी नोंद केवळ पाहण्यासाठी उघडतो. प्रोग्रॅम प्रथम ‘सिहोरा’ भरतो, मग ‘जबलपूर’. तोच जिल्हा बदलल्याची हाक जाते आणि सिहोरा पुसला जातो. नोंद तशीच जतन झाली, तर अर्जदाराची तहसील नाहीशी! दोष अर्थातच कारकुनावर येतो. क्यूटी या प्रणालीत याकरिता दोन निराळे संकेत आहेत. ‘ॲक्टिव्हेटेड’ माणसाने निवड केली तरच निघतो. ‘करंटइंडेक्सचेंज्ड’ प्रोग्रॅमने बदल केला तरीही. पुसण्याचे काम पहिल्याकडे सोपवावे.